रौप्यपरीक्षा : प्रस्तावना

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत चांदीची एकही खाण नाही, आणि येथील भूस्तरांची घडण पाहता ती पुढे सापडेल अशी आशा धरण्यासही फारसा आधार नाही. तथापि काश्मीरपासून केरळपर्यंत कोणत्याही मोठ्या शहराच्या सराफ बाजारात जाऊन, जुन्या दागिन्यांतले हीण काढून चोख धातू वेगळा करून देणारा गलाईवाला कोण आहे अशी चौकशी केली, तर तो विट्याकडचा, आटपाडीकडचा, तासगावकडचा किंवा माण-खटावच्या माळावरचा निघण्याचा संभव इतका मोठा असतो की, ज्या भूमीने रुप्याचा कणही दिला नाही तिनेच रुप्याचे पारखी देशभर कसे पुरविले, हा प्रश्न विचारी मनुष्यास पडल्यावाचून राहत नाही. प्रस्तुत पुस्तकाचा विषय चांदी धारण करणाऱ्या सल्फाइड खनिजांची ओळख आणि त्यांचे मूल्यमापन हा आहे. तो मराठीत मांडताना मजपुढे वाचकांचे दोन वर्ग होते : एक महाविद्यालयात खनिजशास्त्र शिकणारा, ज्याने गॅलेनाचा तुकडा काचेच्या कपाटात पाहिला आहे पण मूस कधी हाती धरलेली नाही, आणि दुसरा हा गलाईवाला, ज्याच्या हातून आयुष्यभरात मणामणांनी चांदी वितळून गेली, पण ती भूगर्भात कोणत्या रूपाने असते हे पाहण्याचा प्रसंग ज्यास आला नाही. या दोघांची विद्या वस्तुतः एकच आहे, हे दाखवून देणे एवढाच या लेखनाचा हेतू.

प्रथम भूमीविषयी. सह्याद्रीच्या घाटमाथ्यापासून जतच्या पठारापर्यंत पसरलेला काळा पाषाण हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचून थिजलेला लाव्हा होय. या बेसाल्टाच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट, कॅल्साइट आणि नाना रंगांच्या गारगोट्या भरलेल्या सापडतात. विहीर खणताना सुरुंगाने फुटलेल्या खडकात मोत्यासारखी झाक असलेला स्टिल्बाइट उन्हात चमकला की गावात चांदी लागल्याची आवई उठते, आणि तो तुकडा फडक्यात गुंडाळून तालुक्याच्या सराफाकडे आणला जातो. त्याचा निकाल लावण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. तळहातावर घेतला तर तो हलका लागतो. पाण्याच्या सव्वादोन पटही त्याचे वजन भरत नाही, आणि ज्यांत चांदी असण्याचा संभव अशी सल्फाइडे पाण्याच्या पाच-साडेपाच पटीपासून सात-साडेसात पटीपर्यंत जड असतात. भारतात ही खनिजे शोधावयाची तर राजस्थानात जावे लागते. उदयपूरजवळील जावर, राजपुरा-दरीबा आणि भीलवाडा जिल्ह्यातील रामपुरा-आगुचा येथे शिसे व जस्त यांच्या धातुकांबरोबर चांदी निघते. दरीबा येथील प्राचीन खोदकामांत सापडलेली आधाराची लाकडे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची ठरली आहेत.

मग आमच्या मुलुखाचा या धातूशी संबंध कसा आला? त्याचे उत्तर भूगर्भात नसून आभाळात आहे. आज जे दोन जिल्हे आहेत त्यांचा बराचसा भाग पूर्वी एकाच जिल्ह्याच्या दप्तरात होता. 1949 साली औंध, सांगली, मिरज, जत, फलटण आदी संस्थाने विलीन झाल्यावर उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा अशी विभागणी झाली, आणि 1960 साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. या मुलुखाचा पूर्वेकडील पट्टा, म्हणजे माण, खटाव, खानापूर, पूर्वी औंध संस्थानात असलेली आटपाडी, कवठेमहांकाळ आणि जत, पर्जन्यछायेत पडतो. घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असता येथील कुळंबी आभाळाकडे पाहत बसतो. सरकारी जमाबंदीच्या कागदांत तगाई, तहकुबी आणि सूट हे शब्द ज्या तालुक्यांच्या नावापुढे वारंवार येतात ते हेच. अशा ठिकाणचा तरुण पोट भरण्यासाठी बाहेर पडला यात नवल नाही. नवल आहे ते त्याने पत्करलेल्या धंद्याचे, कारण सोने-चांदी गाळणे हा काही त्याचा वंशपरंपरागत व्यवसाय नव्हता. एक भाऊ गेला, त्याने दुसऱ्यास बोलाविले, मामाने भाच्यास भट्टीपाशी बसविले, आणि दोन-तीन पिढ्यांत खानापूर तालुक्यातील कित्येक गावांतील घरटी एक तरी मनुष्य परमुलुखी गलाईच्या दुकानात असावयाचा, अशी स्थिती झाली. पुढे याच पैशावर गावाकडे विहिरी, देवळे आणि द्राक्षबागा उभ्या राहिल्या. तो इतिहास स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे.

आता खनिजाकडे वळू. चांदी आणि गंधक यांचा जो संयोग खनिजरूपाने आढळतो, त्याचे सर्वांत शुद्ध रूप म्हणजे ॲकँथाइट. उष्ण अवस्थेत, सुमारे 173 अंशांच्या वर, त्याचीच स्फटिकरचना बदलून अर्जेंटाइट होते, आणि जुन्या ग्रंथांत हे दुसरे नावच सरसकट वापरलेले दिसते. शंभर भाग वजनात चांदीचे सत्याऐंशी भाग आणि गंधकाचे तेरा, असे त्याचे घटकप्रमाण. रंग काळपट शिशासारखा, वजन पाण्याच्या सुमारे सव्वासात पट, आणि काठिण्य इतके अल्प की नखाने न उठला तरी तांब्याच्या पैशाने सहज ओरखडा उठावा. परंतु याची खरी खूण सुरीच्या पात्याशी आहे. बहुतेक सल्फाइडे ठिसूळ. पाते दाबले की त्यांचा भुगा होतो. ॲकँथाइट मात्र कापला जातो : पात्यापुढे काळसर, किंचित चकचकीत साल गुंडाळत निघते, कापलेली जागा क्षणभर तकतकीत दिसते, आणि हवेत राहिली की पुन्हा काळवंडते. कोळशाच्या खळगीत ठेवून फुंकणीने त्यावर ज्वाला सोडली तर तो फुगतो, गंधकाचा झणझणीत वास सुटतो, आणि अखेर खळगीत पांढरीशुभ्र, हातोडीखाली चपटी होणारी गोळी उरते. ती गोळी दाखविली तर गलाईवाल्यास पुढे काही सांगावे लागत नाही.

हा पदार्थ आपल्या घरात नाही असे मात्र कोणी समजू नये. पेटीत ठेवलेले पैंजण, देव्हाऱ्यातील निरांजन, बाळाच्या वाळ्यांची आतली बाजू यांवर जी काळी पुटे चढतात ती हवेतील गंधकी वायूमुळे तयार झालेली रौप्यसल्फाइडेच होत. खाणीत जे खनिज खडकाच्या भेगांतून गोळा करावे लागते त्याच जातीचा पदार्थ आमच्या घरातली चांदी आपल्या अंगावर आपण होऊन निर्माण करते. रांगोळीने किंवा राखेने घासून ती उजळविणारी गृहिणी त्या काळ्या पुटाबरोबर त्यातली चांदीही दरवेळी थोडी थोडी मोरीत सोडून देते. त्याऐवजी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात धुण्याचा सोडा घातलेले कढत पाणी घेऊन त्यात दागिना भांड्यास टेकेल असा बुडविला, तर गंधक चांदीस सोडतो आणि चांदी जागच्या जागी राहते. गलाईच्या विद्येचा हा इतका लहान धडा घरोघरी का पोचू नये, हे मला समजत नाही.

परंतु शुद्ध ॲकँथाइट हे भाग्यवंताच्या वाट्याचे खनिज. पायरार्जिराइट आणि प्राऊस्टाइट ही माणकासारख्या लाल रंगाची, प्रकाशात काळवंडणारी खनिजे, ज्यांत शेकडा साठ ते पासष्ट चांदी असते, ती तर वाचकाने संग्रहालयातच पाहावीत. जगाच्या चांदीचा मोठा वाटा जेथून येतो ते खनिज दिसण्यात साधे आणि नावाने शिशाचे आहे. गॅलेना, म्हणजे शिसे व गंधक यांचा संयोग, ज्याची पूड सुरमा म्हणून शतकानुशतके डोळ्यांत घातली गेली, तो ओळखणे अगदी सोपे : करडी धातुमय झळाळी, हाती घेताच जाणवणारे जडत्व, आणि हातोडीचा ठोका बसताच तिन्ही दिशांनी काटकोनात फुटून पडणारे लहान लहान घन. ओळख येथे संपली. मूल्य मात्र येथे सुरूही झालेले नसते, कारण या गॅलेनाच्या एका टनात चांदी काही ग्रॅम आहे की काही किलो, हे त्याचा रंग, झळाळी, घनांचा आकार यांपैकी काहीही सांगू शकत नाही. बारीक कणांचा गॅलेना चांदीने समृद्ध आणि मोठ्या घनांचा दरिद्री, असा एक समज युरोपातील खाणकामगारांत दीर्घकाळ रूढ होता. त्यास अपवाद इतके निघाले की नियमच उरला नाही. चांदी तेथे कधी ॲकँथाइटाच्या वा टेट्राहेड्राइटाच्या अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने अडकलेली असते, तर कधी अँटिमनी किंवा बिस्मथ यांच्या सोबतीने स्फटिकाच्या घडणीतच विरघळलेली असते.

अमेरिकेतील नेवाडा प्रांतात 1859 साली सोने धुणारे लोक आपल्या पाळण्यात अडकून बसणाऱ्या एका निळसर काळ्या जड गाळास शिव्या देत तो फेकून देत होते. त्यातला थोडा कॅलिफोर्नियात परीक्षेस गेला, तेव्हा तो चांदीचे सल्फाइड असल्याचे आणि त्यापुढे सोने गौण असल्याचे निष्पन्न झाले. कॉमस्टॉकची जगप्रसिद्ध शीर ती हीच. डोळ्यावर विश्वासून चालणाऱ्यांची फजिती अशी दोन्ही बाजूंनी होते : आमच्याकडे स्टिल्बाइट चांदी म्हणून बांधून ठेवला जातो आणि तिकडे चांदी चिखल म्हणून फेकली जाते.

तेव्हा निर्णय अग्नीने आणि तराजूने करावयाचा. पण त्याहीपूर्वी एक पायरी आहे, जिच्याकडे विद्यार्थी दुर्लक्ष करतो आणि व्यापारी कधीच करीत नाही; ती म्हणजे नमुना घेणे. सांगलीच्या पेठेत हळदीचे पोते घेणारा अडत्या जसा वरचे हळकुंड न पाहता पोत्याच्या पोटातले काढून मोडून बघतो, तसेच धातुकाचे आहे. वरचा चमकदार तुकडा उचलून परीक्षेस देणारा स्वतःस फसवितो. सारा ढीग फोडून, शंकूसारखा रचून, सपाट करून त्याचे चार भाग पाडावयाचे, समोरासमोरचे दोन ठेवावयाचे, उरलेले टाकून पुन्हा तेच करावयाचे. असे करीत मूठभर पूड हाती राहते, तिच्यावर साऱ्या ढिगाची खातरजमा अवलंबून असते. गलाईवाला हेच निराळ्या रीतीने करतो : हुपरीच्या पैंजणात कडीकडीला लावलेल्या डागामुळे एका टोकाचा टंच दुसऱ्यास जुळत नाही, म्हणून तो सारा माल प्रथम मुशीत वितळवून, ढवळून, मगच नमुना उचलतो.

पुढची क्रिया अशी. वीस ग्रॅम पूड सोडा, टाकणखार, मुरदाडशिंग आणि थोडे पीठ यांच्याबरोबर मुशीत वितळविली की माती-दगडाचा काचेसारखा मळ वर तरंगतो आणि खाली शिशाची गोळी बसते, जिने सारी चांदी आपल्यात शोषून घेतलेली असते. ही गोळी हाडांच्या राखेच्या लहान वाटीत ठेवून भट्टीत मोकळ्या हवेला तापवावी. शिसे हवेतील प्राणवायू घेऊन पुन्हा मुरदाडशिंग होते, वितळते, वाटीत जिरत जाते, आणि तांबे वगैरे हीण धातूही आपल्याबरोबर नेते. गोळी लहान लहान होत जाते, तिच्या पाठीवर इंद्रधनुष्याचे पट्टे वेगाने फिरू लागतात, आणि शिशाचा शेवटचा पापुद्रा सुटताच ती एकदम लखकन उजळते. तत्क्षणी वाटी बाहेर ओढली तर मात्र घात होतो, कारण वितळलेल्या चांदीने आपल्या आकारमानाच्या सुमारे वीस पट प्राणवायू पोटात घेतलेला असतो. गोळी झटकन थिजली की तो वायू फुटून बाहेर पडतो आणि चांदीचे कण उडवितो. सावकाश थंड केलेली गोळी वजनात बारा मिलिग्रॅम भरली तर टनास सहाशे ग्रॅम चांदी असा हिशेब. त्यातून मुरदाडशिंगातच मुळी असलेली चांदी वजा करावी लागते, वाटीत जिरलेली मिळवावी लागते, आणि अखेर गोळी तेजाबात विरवून तळाशी काळा कण उरतो काय ते पाहावे लागते, कारण तो कण सोन्याचा असतो.

या रीतीत परकीय असे काही नाही, हे मुद्दाम सांगावयास हवे. आमच्या पाठ्यपुस्तकांत ती युरोपातून आल्यासारखी लिहिली जाते हा निव्वळ प्रमाद होय. कौटिल्याने अशुद्ध रुप्यास चौथाई शिसे घालून शोधावे असे सांगितले, ‘रसरत्नसमुच्चया’त खापरावर राख व चुना यांची कड करून, रुप्याबरोबर समभाग शिसे ठेवून, शिशाचा क्षय होईपर्यंत फुंकण्याचा विधी आहे, आणि अबुल फजलाने ‘आईन-ए-अकबरी’त बाभळीच्या राखेच्या खळग्यात शिशासह चांदी शुद्ध करण्याची बादशाही टाकसाळीतील रीत नोंदविली आहे. मराठी राज्यातील पोतदार, जो कचेरीत भरण्यास आलेली अंकुशी, चांदवडी आदी नाणी पारखून बट्टा ठरवीत असे, तो आमच्या गलाईवाल्याचा धंद्याच्या नात्याने पूर्वजच म्हणावयाचा. कसोटीच्या दगडावरचा कस सोन्यास जितका उपयोगी तितका चांदीस नाही. शेकडा पाच-सहाची तफावतही डोळ्यास निश्चित सांगता येत नाही. म्हणून नायट्रिक तेजाबात बायक्रोमेट विरवून त्याचा थेंब टाकतात. चांदी असेल तर रक्तवर्ण डाग उमटतो, परंतु तोही चांदी आहे एवढेच सांगतो, किती ते खात्रीने नाही. 1940 साली इंग्रज सरकारने रुपयातील चांदी बारातल्या अकरा भागांवरून निम्म्यावर आणली, तेव्हा दिसण्यात एकसारख्या दोन नाण्यांत जी तफावत पडली ती वरवर पाहून खरेदी करणाऱ्या कित्येकांना भोवली असणार.

अलीकडे क्ष-किरणांचे यंत्र पेठेत आले आहे. ते क्षणात आकडा दाखविते आणि गिऱ्हाइकाचे समाधान करते. पण ते वाचते फक्त पृष्ठभाग, फार तर काही शतांश मिलिमीटरचा अंश. दागिना तेजाबात उजळला म्हणजे पृष्ठावरचे तांबे निघून जाते व चांदी उरते. मग यंत्र जो टंच सांगते तो अंतरंगातल्या टंचाहून चढा असतो. यंत्र टाकाऊ आहे असे माझे म्हणणे नाही. वाद पडला की शेवटी मूसच पेटवावी लागते, एवढेच.

मूल्याच्या प्रकरणाविषयी दोन शब्द. टनास सहाशे ग्रॅम चांदी आहे म्हणून सहाशे ग्रॅमचा बाजारभाव मागणारा खाणमालक निराश होतो. धातुक दळून, तरंगवून, सांद्र करण्यात काही अंश वाहून जातो. आणि भट्टीवाला सांद्रातील चांदीच्या शेकडा पंचाण्णव भागांचेच पैसे देतो, मात्र ही कपात टनामागे निदान पन्नास ग्रॅमची धरतो, असा करार सर्रास असतो. सहाशेला ही कपात फारशी जाचत नाही. साठ ग्रॅमच्या मालास मात्र दहाच ग्रॅमचे मोल मिळते. वर गाळणावळ निराळी, आणि आर्सेनिक, बिस्मथ यांचा दंड निराळा. गलाईच्या धंद्यातील घट, मजुरी आणि बट्टा यांच्याशी परिचित असलेल्या वाचकास हे प्रकरण सर्वांत सोपे वाटेल, आणि महाविद्यालयीन वाचकास सर्वांत रुक्ष. त्याने ते टाळू नये.

हिशेबाची शंभरी भरली की नाही हे तपासण्याची सवय किती मोलाची असते याचे उदाहरण जर्मनीतील फ्रायबर्ग येथे घडले. 1885 साली तेथील खाणीत अर्जिरोडाइट नावाचे एक नवे रौप्ययुक्त सल्फाइड सापडले. क्लेमेन्स विंकलर याने त्याचे पृथक्करण केले. चांदी, गंधक आणि इतर सारे मिळून बेरीज शंभरास सहा-सात कमी पडू लागली, आणि पुनःपुन्हा करूनही ती तूट भरेना. दुसरा कोणी ती घट म्हणून खर्ची टाकता. विंकलरने टाकली नाही, आणि 1886 साली त्या तुटीतून जर्मेनियम हे नवे मूलद्रव्य बाहेर पडले, ज्याच्या अस्तित्वाचे भाकीत मेंडेलीव्हने पंधरा वर्षांपूर्वी करून ठेविले होते.

प्रयोगांची वर्णने वाचून कोणी घरात भट्टी मांडू नये, अशी ताकीद देणे मला भाग आहे. उडणारे शिसे आणि तेजाबातून निघणारा तांबूस वायू ही दोन्ही विषे आहेत. पहिले वर्षानुवर्षे अंगात साचते, दुसरा एका रात्रीत फुफ्फुसात पाणी भरतो. खिडकी नसलेल्या माडीखालच्या खोल्यांत आमच्या मुलांनी ही कामे पिढ्यान्‌पिढ्या केली आणि त्याची किंमत कोणत्याही वहीत मांडली गेली नाही. धुराड्याची ओढ कशी असावी याचे प्रकरण मी त्यामुळे परीक्षाविधीच्या आधी घातले आहे. काही मित्रांना हा क्रम गैरसोईचा वाटला, तरी तो मी बदललेला नाही.

वजनांविषयी अखेरची सूचना. ग्रंथात सर्वत्र ग्रॅम आणि हजार किलोचा टन वापरला आहे. जुन्या कागदांतील तोळा बारा माशांचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा धरावा. आजच्या पेठेत दहा ग्रॅमलाच तोळा म्हणण्याचा प्रघात पडला असल्याने, आजोबांच्या वहीतील शंभर तोळे नातवाने दहाने गुणले तर एकशे सहासष्ट ग्रॅम चांदी हिशेबातून नाहीशी होते. परदेशी भावपत्रकांतील औंस हा 31.1 ग्रॅमचा ट्रॉय औंस असून किराणा मालाच्या औंसाहून जड आहे, हेही कोष्टके वाचताना ध्यानात ठेवावे.